खाली ठेवलेला कप

माझ्याकडे अकरा प्रश्नांचा एक कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही, किती दिवस जेवण गेलं नाही, किती दिवस सगळं संपलंय असं वाटलं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन, त्यातल्या एकात खूण करायची. आमच्या छावणीतला कुठलाही माणूस या अकराच्या अकरा प्रश्नांना एकच उत्तर देतो, "अल्हम्दुलिल्लाह." घर गेलं, देवाची कृपा. झोप गेली, देवाची कृपा. या उत्तरासाठी कागदावर चौकोन ठेवलेला नाही.

पूर्वी मी सीमेपलीकडे, हौरान भागात, आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणून इथेही सगळे मला खौला बाईच म्हणतात. सीमा ओलांडून जॉर्डनच्या या छावणीत आले त्याला बारा वर्षं झाली. मी ज्या पत्र्याच्या खोलीत काम करते तिच्यावर आधी 'मानसिक आरोग्य केंद्र' अशी पाटी होती. तीन महिने तिथे माशीही फिरकली नाही. आत गेलेली बाई वेडी ठरली असती आणि तिच्या मुलींची लग्नं अडली असती, एवढं साधं गणित होतं. दर मंगळवारी अम्मानहून येणाऱ्या डॉक्टर लमाला मी ते समजावून सांगितलं. मग पाटी बदलली आणि 'शिवणवर्ग' झाली. आता चाळीस बायका येतात. त्यातल्या तिघी शिवतात, बाकीच्या बोलतात.

हसना आली तेव्हा तिने शिवणाचं नावही काढलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, मला तीन दिवस बसायचंय."

आमच्याकडे माणूस गेला की तीन दिवस दार उघडं ठेवून शोकाला बसतात. लोक येतात, कडू कॉफी पितात, गेलेल्याचं नाव घेतात आणि उठतात. एवढं झालं की बायको विधवा होते, पोरं पोरकी होतात आणि जगणं पुढे सरकतं. हसनाचं जगणं बारा वर्षं जागचं हललं नव्हतं. तिचा नवरा झैदान एका सकाळी पीठ आणायला निघाला, वाटेतल्या नाक्यावर सैनिकांनी त्याला उतरवून घेतलं आणि तो परत आला नाही. गेल्या डिसेंबरात तिकडचं सरकार पडलं, तुरुंगांची दारं उघडली. अख्खी छावणी मोबाइलला डोळे लावून बाहेर येणारे चेहरे बघत बसली होती. त्यात झैदान नव्हता. हसनाचा भाऊ दोन महिने कचेऱ्या आणि इस्पितळं पालथी घालून एक कागद घेऊन आला. कागदावर झैदानचं नाव होतं, एक आकडा होता आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती.

"शेजारणींना कळत नाही, मला 'देव त्याला सुखरूप आणो' म्हणावं की 'देव त्याच्यावर दया करो' म्हणावं," हसना म्हणाली. "मी पाण्याच्या टाकीवर गेले की त्या हवेच्या गप्पा काढतात. शहदला शाळेत बापाबद्दल विचारतात, ती लिहिते, प्रवासात आहे. तेरा वर्षांची झाली ती. तिला कळतं हो सगळं."

"मग अडतंय कुठे?"

"दार उघडणं घरच्या पुरुषाचं काम. काका ऐकत नाहीत. म्हणतात, जो बैठक घालील तो माझ्या पोराला आपल्या हाताने पुरील."

सासऱ्याला आमच्यात काका म्हणतात. हे काका म्हणजे अबू झैदान, झैदानचा बाप. सगळं आयुष्य तो याच नावाने ओळखला गेला. तिकडे सात गावांतली भांडणं त्याच्या पडवीत मिटायची. इथे तो रोज दुपारच्या नमाजानंतर छावणीच्या फाटकापाशी एका दगडावर जाऊन बसायचा. पूर्वी तिथे नव्या माणसांनी भरलेल्या बस यायच्या, त्यांतून कधीतरी झैदान उतरेल म्हणून. आता त्या फाटकातून बस फक्त बाहेर जातात, गावी परतणाऱ्यांना घेऊन. म्हातारा तरी जायचाच. जूनमध्ये ऊन लागून तो दोनदा तिथेच कोसळला.

मी हसनाला म्हटलं, बघते.

पहिल्या दोन भेटींत मी अकरा प्रश्न विचारले आणि त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही, देवाची कृपासुद्धा म्हटलं नाही. पण कॉफी दिली. तिकडचं घर सोडताना म्हाताऱ्याने एकच वस्तू उचलली होती, कॉफी कुटायचं लाकडी उखळ. त्यात तो दाणे कुटायचा तो ताल धरून, आणि आमच्या गल्लीतल्या बायका त्या आवाजावर दुपारचा चहा टाकायच्या. किटलीतून घोटभर कॉफी ओतायची, बिनकानाचा छोटा कप उजव्या हाताने पुढे करायचा, आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचं. माणूस मोडला होता, रीत मोडली नव्हती.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी माझ्या पोटात आग पडली होती. डॉक्टरने कॉफी बंद करायला सांगितली होती, आणि म्हाताऱ्याला नाही म्हणायची मला लाज वाटली. मी कप घेतला आणि कागदावर तारीख टाकायची म्हणून चटईवर समोर ठेवला.

म्हाताऱ्याचा किटली धरलेला हात थांबला.

कप न पिता खाली ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पाहुणा काही मागायला आला असेल तर तो कप ओठाला न लावता खाली ठेवतो. घरधनी विचारतो, काय काम काढलंत? तो शब्द देईपर्यंत पाहुणा पीत नाही. कप न पिता परत गेला तर घरधन्याची सात गावांत छी थू होते. आमच्याकडे मुली अशा मागितल्या जातात, खुनाची वैरं अशी मिटतात. पण हे सगळं पुरुषांचं. बाईने कप ठेवल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणून तर ठेवताना माझ्या मनातही आलं नाही.

म्हातारा ताठ बसला. डोक्यावरचा रुमाल त्याने नीट केला. तीन भेटींत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच खणखणीत होता.

"काय काम काढलंत, बाई?"

माझं पोट दुखतंय, एवढं म्हणायला हवं होतं. पडद्याखालून मला हसनाची पावलं दिसत होती. ज्या दाराशी ती महिनोन्‌महिने डोकं आपटत होती ते माझ्यापुढे आपसूक उघडलं होतं. पण मला डॉक्टर लमाने चार वर्षं शिकवलं होतं की लक्ष्य छोटं ठेवायचं, मोजता येईल असं, आणि आधी माणसाचा जीव जपायचा. गणिताच्या मास्तरणीला मोजता येण्यासारखं काही दिसलं की तिला दुसरं काही दिसत नाही.

"फाटकावर जाणं सोडा," मी म्हटलं.

त्याने हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "प्या."

मी प्यायले. त्या आठवड्याच्या अहवालात मी 'लक्षणीय प्रगती' असं लिहिलं, आणि डॉक्टर लमाने ते वाक्य बैठकीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी खाली बघत होते, पण मनातून फुलले होते, खोटं कशाला बोलू.

म्हाताऱ्याने शब्द पाळला. फाटकावर गेला नाही. मशिदीतही गेला नाही. चौथ्या दिवसापासून उखळ बंद पडलं आणि गल्लीतल्या बायकांचे चहा कधीही व्हायला लागले. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शहदने भरवलं तर दोन घास खायचा, नाहीतर तेही नाही. माझ्या कागदाप्रमाणे तो सुधारला होता, कारण ऊन लागून कोसळण्याचं प्रमाण शून्यावर आलं होतं.

दहाव्या दिवशी हसना आली. वर्गात बायका होत्या, तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"बाई, त्या एका कपासाठी मी माझा हात तोडून दिला असता. तो तुमच्यापुढे आयता आला आणि तुम्ही तो उन्हावर घालवलात."

"मला वाटलं, आधी त्यांचा जीव..."

"जीव त्या दगडावर होता त्यांचा. तो तुम्ही काढून घेतलात आणि मला काहीच दिलं नाहीत. माणसाला काय हवंय ते न विचारता द्यायची सवय लागलीये तुम्हाला. ब्लँकेट वाटणाऱ्यांसारखी."

बायका शिवायला लागल्या, ज्यांना शिवता येत नव्हतं त्यासुद्धा. मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण ती अक्षरन्‌अक्षर खरं बोलत होती. मंगळवारी डॉक्टर लमाने गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या वाईट नव्हत्या, म्हातारा त्या घेत नव्हता एवढंच.

"तूच ठेव कप," मी हसनाला म्हटलं.

"मी? मी त्या घरची सून. आपल्याच घरात कुणी कप ठेवतं का? मागायला बाहेरून यावं लागतं."

"मग बाहेर जा."

"आणि काकांनी हाकलून दिलं तर?"

"पाहुण्याला? त्यांनी?"

ती पहिल्यांदाच जराशी हसली.

हसना दोन दिवस माझ्याकडे राहिली, वर्गाच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी गादी टाकून. शहद आजोबांजवळ थांबली. तिला आम्ही सगळं सांगितलं होतं, आणि ती पोर आमच्या दोघींपेक्षा शांत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी हसनाने बाहेर जायचा काळा झगा घातला. माझ्या आरशात बघून रुमाल तीनदा बांधला आणि तीनदा सोडला. आम्ही निघालो. रोज ज्या दारातून ती पाण्याचे डबे घेऊन आत शिरायची, त्याच दाराबाहेर उभी राहिली आणि खाकरली.

"घरात कोणी आहे का? पाहुणे आलेत."

आत बराच वेळ काही हललं नाही. मग चटईवर हात टेकून कुणी उठत असल्याचा आवाज आला. म्हातारा दारात आला. अंगात नुसती हाडं उरली होती, पण रुमाल डोक्यावर होता. त्याने हसनाकडे बघितलं, तिच्या झग्याकडे बघितलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"कुणाच्या घरच्या तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला तुम्ही म्हणत होता.

"मन्सूरची मुलगी. वरच्या गावची."

"मन्सूर भला माणूस," म्हातारा म्हणाला. "या. घर तुमचंच आहे."

त्याने स्टोव्ह पेटवला. दाणे भाजले. उखळ पुढे ओढलं, मुसळ आत पडलं आणि ताल बरोबर लागला. समोरच्या दोन खोल्यांतून बायकांची डोकी बाहेर आली. शहद पडद्यापाशी उभी राहून ओठ चावत होती.

कॉफी ओतून झाली. हसनाने कप घेतला आणि चटईवर ठेवला.

रीतीप्रमाणे म्हाताऱ्याने विचारायला हवं होतं, आणि विचारलं की उत्तर ऐकावं लागणार हे त्याला ठाऊक होतं. कपातून येणारी वाफ थांबली. पाहुण्याची कॉफी निवणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळत असणार. हसना मान खाली घालून बसली होती. मी माझ्या हातांकडे बघत होते, कारण मला इथे करण्यासारखं काही नव्हतं आणि ते मला उशिरा का होईना कळलं होतं.

"तिकडची विहिरीजवळची जमीन मागा," म्हातारा शेवटी म्हणाला. "लिहून देतो."

"जमिनीसाठी नाही आले."

"घर मागा. छप्पर गेलंय, पण भिंती उभ्या आहेत म्हणतात."

"नाही."

"मन्सूरच्या मुली, दुसरं काहीही माग."

"काका, मी एवढ्याचसाठी आले," हसना म्हणाली, आणि काका म्हणताना तिचा आवाज फाटला. "तीन दिवस दार उघडा. मला त्याच्यासाठी रडू द्या. बारा वर्षं मी पदरात तोंड खुपसून रडतेय, चोरी केल्यासारखी."

"आणि चौथ्या दिवशी तो आला तर?"

"तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन आणि म्हणीन, मी तुला पुरलं, मला माफ कर. तो करील. तुम्हाला माहितीये त्याचा स्वभाव. पण तो येणार नाही, काका. तुम्हालाही माहितीये. कागद आला त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या वाटणीची भाकरी बाजूला काढणं बंद केलंय. मी बघितलंय."

"सगळे माझ्यापुढे कप ठेवतात," म्हातारा म्हणाला. "मी कुणापुढे ठेवू?"

शहद पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. त्याने तिच्याकडे बघितलं. मग हसनाच्या कपातली निवलेली कॉफी त्याने दाराबाहेर ओतली, कप पाण्याने विसळला, किटली उचलली आणि नवी कॉफी ओतली. कप उजव्या हाताने तिच्यापुढे धरला.

"पी, पोरी," तो म्हणाला.

ती प्यायली. कप परत देऊन ती जी रडायला लागली ती थांबेचना, आणि मला त्यात शांत करण्यासारखं काही वाटलं नाही.

तीन दिवस दार उघडं होतं. पहिल्या दिवशी गल्लीतले लोक आले, दुसऱ्या दिवशी सात गावांपैकी जी चार गावं या छावणीत आहेत ती आली. पुरुष बाहेर ताडपत्रीखाली बसले, बायका आत. लोक झैदानबद्दल बोलत होते. तो लहानपणी टरबुजं चोरायचा, तो वरातीत नाचायचा, त्याचा एक दात तुटका होता. शहद सगळं ऐकत होती. बाप प्रवासात असेपर्यंत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुटक्या दाताचं तिने दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून खात्री करून घेतली. अहवालात काय लिहावं ते मला सुचेना. मी 'शिवणवर्गातील एका महिलेच्या घरी भेट' एवढंच लिहिलं.

बैठक उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अबू झैदान माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात काठी होती, कपडे धुतलेले होते. मी गडबडले. बायकांची मी घाईघाईने पाठवणी केली, एका पेटीवर चादर टाकून त्याला बसायला दिलं आणि तिथे होती ती जुनी कॉफी उकळली. ती करपली. तशीच ओतून दिली.

त्याने कप घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"उन्हातून आलात, आधी प्या तरी," मी म्हटलं.

"माझं काही पोट दुखत नाही, बाई. मी मागायलाच आलोय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "तुम्हाला कळलं होतं?"

"बाई पोटावर हात ठेवून बसते, कप घेताना तोंड वाकडं करते आणि कागदावर लिहायला लागते. भांडणं मिटवण्यात जन्म गेला माझा, एवढं कळणार नाही?"

"मग विचारलंत कशाला?"

तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"इथे आल्यापासून माझ्याकडे जो आला तो द्यायला आला. कुणी ब्लँकेट दिलं, कुणी गोळ्या दिल्या, तुम्ही प्रश्न दिलेत. मागायला कुणी आलं नव्हतं. चुकून का होईना, कप खाली ठेवलेला दिसला, मग राहवलं नाही."

तुमच्याकडे कुणी काही मागायला येतं का, हा प्रश्न माझ्या अकरांत कुठेच नव्हता, आणि तो मी कधी लिहिलाही नसता.

"काय काम काढलंत, अबू झैदान?" मी रीतीप्रमाणे विचारलं.

"माझं फाटक परत द्या."

"आता कुणाची वाट बघणार?"

"वाट नाही बघायची. त्या बस रोज माणसं घेऊन जातात गावाकडे. निरोप द्यायला तिथे कुणीच नसतं, शिपाई नुसते कागद बघतात. कुणीतरी हात वर करायला हवा." पुढचं वाक्य त्याने जमिनीकडे बघत म्हटलं. "त्या सकाळी तो निघाला तेव्हा मी जागा होतो. दारातून त्याने हाक मारली, बाबा, येतो. मला झोप मोडायची नव्हती. मी कूस बदलली."

बाहेर पाण्याची गाडी आली होती, बायका डबे घेऊन धावत होत्या. मी उठून त्याचा कप उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"प्या," मी म्हटलं. "पण टोपी घालून जायचं."

त्याने कप घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कॉफी करपली होती हे तो बोलला नाही.